लेस्टरचं लाल विटांचं ग्रेड टू घर: ओल, फुगवटा आणि पाडायची भिंत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लेस्टरच्या स्टोनीगेट भागातलं, 1870च्या दशकातलं, लाल विटांचं, ग्रेड टू यादीतलं (म्हणजे इंग्लंडच्या संरक्षित जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं) घर तुम्हाला आवडलंय आणि ऑफर मान्य झालीय. सर्व्हेत दोन मोठे शेरे आले. तळमजल्याच्या भिंतींत 'रायझिंग डॅम्प' (जमिनीतून चढणारी ओल), आणि दर्शनी भिंतीला पहिल्या मजल्याच्या पातळीवर फुगवटा. तुम्हाला स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली एक करायची आहे, खिडक्यांना दुहेरी काचा आणि भिंतींना आतून इन्सुलेशन हवं आहे. साताऱ्याहून सासरे सांगतात की बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून टाका, विषय संपला. घर घ्यावं का, आणि यादीतल्या घराला हात तरी लावता येतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी मिडलँड्समध्ये जुन्या विटांच्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते. घर मी पाहिलेलं नाही, तुमचे सहा फोटो पाहिलेत. त्यामुळे काही गोष्टी ठामपणे सांगेन आणि काही 'असं असेल तर' म्हणून. तुम्ही घेतलेला सर्व्हे लेव्हल टूचा दिसतो. तो अलीकडच्या साध्या घरांसाठी ठीक असतो. यादीतल्या घराला लेव्हल थ्री लागतो, तोही जुन्या इमारतींचं काम रोज करणाऱ्याकडून. आधीच्या सर्व्हेअरने दोष शोधलेत, कारणं शोधलेली नाहीत. ती त्याच्या कामाच्या कक्षेतच नव्हती.

फोटोंवरून तरी घर सोडून द्यावं असं काही दिसत नाही. मात्र कामांचा जो क्रम तुम्ही लिहिलाय, तो जवळजवळ उलटा आहे. ओल, फुगवटा, परवानगी आणि थंडी हे तुम्हाला चार वेगळे प्रश्न वाटतात. माझ्या अनुभवात त्यातल्या तिघांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: गेल्या पन्नास-साठ वर्षांत या भिंतीवर कोणीतरी काहीतरी चढवलेलं असतं. ते काय, कोणी आणि परवानगीने चढवलं का, हे आधी शोधायचं. तुम्हाला काय चढवायचंय ते त्यानंतर.

यादीचं आधी उरकते, कारण त्यात गैरसमज फार. इंग्लंडमधल्या यादीतल्या इमारतींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त ग्रेड टूच्याच आहेत, म्हणून लोक त्याला खालचा दर्जा समजतात आणि निर्धास्त होतात. मुंबईत 1995च्या हेरिटेज नियमावलीत श्रेणी उतरली की आतल्या बदलांना मोकळीक वाढते, त्यामुळे आपल्याकडची माणसं तोच हिशोब इथे लावतात. इथे तसं नाही. ग्रेड कुठलीही असो, संरक्षण अख्ख्या इमारतीला असतं, आतून आणि बाहेरून. जिना, छताची नक्षी, दारं, फरशी, सगळं आलं. अंगणातली कुंपणभिंत किंवा कोळशाची खोली 1 जुलै 1948च्या आधीपासून असेल आणि घराच्या आवाराचा भाग असेल, तर तीही आली. घराचं स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय करणं 1990च्या कायद्याने फौजदारी गुन्हा आहे, आणि कारवाईची नोटीस द्यायला कालमर्यादा नाही. दुसरा मुद्दा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचा: आधीच्या मालकाने विनापरवाना केलेल्या कामाबद्दल खटला त्याच्यावर होईल, पण ते काम पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकाला येते. म्हणजे उद्या तुम्हाला.

तुम्ही यादीतली नोंद चिकटवली आहे ती चार ओळींची आहे: लाल वीट, दगडी पट्ट्या, वेल्श स्लेटचं छप्पर, दोन मजले, डाव्या हाताला बे विंडो. आतल्याबद्दल अवाक्षर नाही. जुन्या नोंदी अशाच असत. इमारत ओळखता यावी एवढ्यासाठीच त्या लिहिलेल्या. नोंदीत नाही म्हणजे संरक्षण नाही, असं समजू नका. 2013नंतरच्या नोंदींमध्ये अमुक भागाला महत्त्व नाही असं स्पष्ट लिहायची सोय आली, पण तुमची नोंद त्याआधीची आहे.

त्या चार ओळींत आणखी एक गोष्ट दडलीय. 1700च्या आधीचं जे बऱ्यापैकी मूळ रूपात उरलंय ते यादीत येतं, 1700 ते 1850मधलंही बहुतेक येतं, पण 1850नंतरची घरं इतकी उरली आहेत की तिथे निवड कडक होते. व्हिक्टोरियन घर यादीत आहे म्हणजे त्यात शेजारच्या शंभर घरांपेक्षा काहीतरी वेगळं आहे. ते काय, हे स्वतः शोधून काढा. स्टोनीगेटमध्ये होजियरी आणि बुटांच्या धंद्यात पैसा केलेल्या लोकांनी चांगले वास्तुविशारद लावून घरं बांधली. शहराच्या क्लॉक टॉवरचा जोसेफ गोडार्ड त्यांतलाच. काउंटी रेकॉर्ड ऑफिसात नगरपालिकेला सादर केलेले जुने बांधकाम नकाशे मिळू शकतात. तुमच्या घराचा सापडला तर अर्धं काम झालं.

आता भिंत. तुमचा पहिला फोटो मोठा करून पाहा. प्रत्येक थरात एक वीट लांबीने दिसते, पुढची तोंडाने, पुन्हा एक लांबीने. लांब दिसते ती स्ट्रेचर, तोंड दिसतं ती हेडर, आणि या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात. हेडर दिसतात याचा सहसा अर्थ असा की भिंत भरीव आहे, मध्ये पोकळी नाही. जाडी नऊ इंच, म्हणजे एका विटेची लांबी. तळमजल्यावर कदाचित साडेतेरा. दरवाजाच्या चौकटीपाशी गिलावा वजा करून मोजा, कळेल. मग कोपऱ्यावरून वळून बाजूची भिंत बघा. तिथली वीट वेगळी आहे, फिकट, ओबडधोबड, आणि हेडरचा थर तीन-चार स्ट्रेचर थरांनंतर एकदाच येतो. दर्शनी भिंतीला यंत्रात दाबलेली गुळगुळीत वीट आणि जेमतेम तीन-चार मिलिमीटरची दरज, म्हणजे विटांमधला सांधा. बाजूला आणि मागे स्वस्तातली वीट आणि जाड दरज. हा कंजूषपणा नाही, रस्त्यावरून दिसेल तिथे पैसा घालायचा हा त्या काळचा रिवाजच होता. तुमच्यासाठी अर्थ एवढाच की एकाच घरात दोन प्रकारच्या भिंती आहेत. एकीला चालणारा चुना आणि वाळू दुसरीला चालेलच असं नाही.

ही वीट इतक्या अभिमानाने उघडी का ठेवली, तेही सांगते, कारण सासऱ्यांच्या सल्ल्याचं उत्तर त्यात आहे. त्याआधीच्या पिढीत विटांवर स्टकोचा गिलावा करून तो दगडासारखा रंगवायची फॅशन होती. विटांवर 1784पासून कर होता, तो 1850मध्ये उठला. रेल्वेमुळे एका गावची वीट दुसऱ्या गावी जाऊ लागली, 1858मध्ये हॉफमनच्या अखंड जळणाऱ्या भट्टीचं पेटंट झालं आणि एकसारखी भाजलेली वीट मुबलक मिळू लागली. त्याच सुमाराला वास्तुविशारद बटरफिल्डने लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवर लाल-काळ्या पट्ट्यांचं चर्च उभं केलं, आणि 1859मध्ये वास्तुविशारद फिलिप वेबने डिझायनर विल्यम मॉरिससाठी बेक्सलीहीथला लाल विटांचं घर बांधायला घेतलं, ज्याचं नावच रेड हाउस. विटेने वीट म्हणूनच दिसावं, हा विचार तिथून मध्यमवर्गीय घरांपर्यंत उतरला. जाता जाता: लंडनचं सेंट पँक्रस हॉटेल करणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटनेच भारतात पाऊल न ठेवता मुंबईचा राजाबाई टॉवर काढला. सेंट पँक्रसला त्याने नॉटिंगहॅमची लाल वीट वापरली, मुंबईत कुर्ल्याचा पिवळसर दगड. तर अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला, की ज्यासाठी घर यादीत आलं तीच गोष्ट झाकली जाते. त्याला परवानगी मिळणार नाही, आणि विचारूही नका.

सासऱ्यांचा सल्ला अगदीच वाऱ्यावरचा नाही, हेही म्हणते. साताऱ्यात पावसाळा चार महिन्यांचा, आणि भिंत वाळवायला मार्च ते मेचं ऊन असतं. तरीही चुन्यातल्या जुन्या वाड्यांवर सिमेंट मारल्यावर काही पावसाळ्यांत पोपडे सुटतात, हे त्यांनीही पाहिलं असेल. इथे ऑक्टोबर ते मार्च भिंत नीट वाळतच नाही, वर थंडीत आतलं पाणी गोठतं. त्यांना हे सांगून बघा, बांधकामातल्या माणसाला लगेच पटतं.

नऊ इंची भरीव भिंत ओली होते. ती व्हायचीच. पाऊस बाहेरच्या इंच-दीड इंचात मुरतो, आणि पाऊस थांबला की वाऱ्याने बाहेरच्या बाहेर निघून जातो. जातो कुठून? मुख्यतः दरजांतून, कारण चुन्याची दरज विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते. क्षार जमायचे ते दरजेत जमतात, झिजायची ती दरज झिजते, वीट शाबूत राहते. दरज पिढी-दोन पिढ्यांनी पुन्हा भरायची, हे बांधणाऱ्याने गृहीतच धरलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर गवंड्यांच्या हातात सगळीकडे सिमेंट आलं आणि दरजा सिमेंटने भरल्या गेल्या. आता पाण्याला दरजेतून वाट नाही, ते विटेतून निघतं. वीट गारठते, आतलं पाणी गोठून फुगतं आणि विटेचं भाजलेलं कडक तोंडच सुटून पडतं. तुमच्या चौथ्या फोटोत पोर्चच्या डाव्या हाताला हेच दिसतंय: विटा आत खचल्यात आणि सिमेंटच्या दरजा बाहेर उभ्या आहेत. सर्व्हेअरने त्याला 'जुन्या विटांची नैसर्गिक झीज' म्हटलंय. दहा फुटांवरच्या दर्शनी विटा तेवढ्याच जुन्या असून गुळगुळीत कशा, हे त्याला विचारायला हवं होतं.

आता 'रायझिंग डॅम्प'. जमिनीतून पाणी भिंतीत चढतच नाही असं मी म्हणणार नाही. चढतं, पण अहवालांत लिहितात त्याहून फार क्वचित. निदान कसं झालं ते पाहा: दोन टोकांचं मीटर भिंतीला टेकवलं आणि लाल दिवा लागला. ते मीटर विजेचा रोध मोजतं आणि त्याचं माप लाकडासाठी बसवलेलं असतं. भिंतीत क्षार असतील तर जवळपास कोरड्या भिंतीवरही ते लाल दाखवतं. धुराड्याच्या भिंतीत शंभर वर्षांच्या कोळशाच्या धुराचे क्षार मुरलेले असतात आणि ते हवेतली आर्द्रता ओढतात. तुमच्या अहवालात सर्वांत जास्त आकडे धुराड्याच्या दोन्ही अंगांना आहेत, हा योगायोग नाही. खरंच किती पाणी आहे हे कळायला भिंतीत भोक पाडून निघालेल्या भुकटीतलं पाणी मोजावं लागतं. ते करणारे लोक आहेत. त्यांच्याकडून करून घ्या, फुकट सर्व्हे देणाऱ्या आणि मग भिंतीत ओलरोधक रसायन भरायचं स्वतःचंच इंजेक्शन विकणाऱ्या कंपनीकडून नको.

तुमच्या फोटोंवरून मला तीन कारणांचा संशय आहे.

पहिलं, तिसऱ्या फोटोतला बिडाचा पावसाळी नळ. त्याच्यामागे भिंतीवर हिरवा पट्टा आहे. हे नळ समोरून रंगवलेले, ठणठणीत दिसतात आणि मागून गंजून चिरलेले असतात, कारण भिंतीकडच्या बाजूला रंगाऱ्याचा ब्रश पोहोचत नाही. छोटा आरसा घेऊन मागे बघा, किंवा जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन तिथे उभ्या राहा. अशा एका चिरेतून वर्षभरात जमिनीतून चढेल त्याच्या कितीतरी पट पाणी भिंतीत जातं.

दुसरं, जमिनीची पातळी. जोत्यात निळसर काळ्या विटांचा एक थर दिसतो, आणि त्याच्या खालच्या थराची फक्त वरची कड. त्या स्टॅफर्डशरच्या निळ्या विटा, फार कडक भाजलेल्या, पाणी जवळजवळ न पिणाऱ्या. 1875च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर ओल रोखणारा थर हळूहळू नियमांत आला, पण चांगले बांधणारे तो आधीपासूनच घालत. म्हणजे तुमच्या घराला मूळचा ओलरोधक थर बहुधा आहे. फक्त नंतर कोणीतरी पायवाटेवर पायवाट टाकत गेलं आणि थर गाडला गेला. बाहेरची जमीन त्या थराच्या किमान 150 मिलिमीटर खाली हवी. शिवाय जोत्यातली एक जाळीदार वीट मातीत अर्धी बुडालेली दिसते. तुमची दिवाणखान्याची जमीन लाकडी, अधांतरी आहे, तिच्याखाली वारा खेळायला त्याच जाळ्या आहेत. त्या बुजल्या की कड्यांची, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी तुळयांची, टोकं कुजतात. पहिल्या भेटीतच जाळ्या मोजा आणि समोरासमोर जोड्या लागतात का ते बघा.

तिसरं, आतला गिलावा. भिंतीच्या खालच्या मीटरभर उंचीत पातळी थोडी पुढे आलीय आणि वर सरळ आडवी रेघ दिसते. म्हणजे इंजेक्शन आधीच एकदा होऊन गेलंय. रसायन भरल्यावर तेवढ्या उंचीत पाणी अडवणारा सिमेंटचा गिलावा करतात, वीस-तीस वर्षांच्या हमीचा कागद देतात. ओल जात नाही, गिलाव्यामागे कोंडते आणि त्या रेघेच्या वर डोकं काढते. तुमचा सर्व्हेअर म्हणतो पुन्हा इंजेक्शन करा. एकदा न चाललेलं औषध दुसऱ्यांदा घ्यायला सांगणं मला तरी पटत नाही.

तेव्हा उपाय कंटाळवाणे आहेत: नळ आणि पन्हळी दुरुस्त करा, भिंतीलगतची पायवाट उतरवा, जाळ्या मोकळ्या करा, खालचा सिमेंट गिलावा काढून भिंत उघडी ठेवा आणि थांबा. ढोबळ हिशोब असा की भिंत महिन्याला एक इंच वाळते, म्हणजे नऊ इंचाला नऊ महिने. मग चुन्याचा गिलावा आणि श्वास घेणारा रंग. थांबणं सोडलं तर यात महाग काही नाही. गिलावा काढण्याआधी परवानगी लागेल का हे कौन्सिलच्या कन्झर्व्हेशन ऑफिसरला (जुन्या इमारतींचं जतन बघणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी विचारा. विसाव्या शतकातला सिमेंट असेल तर सहसा कोणी अडवत नाही, पण उत्तर फाइलला लागलेलं बरं.

दरजांबद्दल एक कळकळीची विनंती. बाजूच्या भिंतीतलं सिमेंट काढायला कोणी अँगल ग्राइंडर घेऊन आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ग्राइंडर विटेच्या कडा कापतो आणि त्या पुन्हा येत नाहीत. हातोडी-छिन्नीने काढायचं, निदान 25 मिलिमीटर खोल. सिमेंट विटेला इतकं घट्ट धरून असेल की काढताना वीट तुटते, तर तिथे ते तसंच राहू द्यायचं. भरण्यासाठी चुना विटेपेक्षा मऊ हवा. बाजूच्या भिंतीला एनएचएल (पाण्याने घट्ट होणारा नैसर्गिक चुना) 2 किंवा आडोसा नसेल तिथे 3.5, वाळू जुन्या दरजेशी जुळवून. मिडलँड्समध्ये जुन्या दरजा कधी राखाडी-काळ्या निघतात, ती भट्टीची राख आहे, घाण समजू नका. पारा पाच अंशांच्या खाली जाणार असेल तेव्हा काम नको, म्हणजे व्यवहारात एप्रिल ते सप्टेंबर. आधी हातभर नमुना भरून घ्या, वाळल्यावर बघा, मग पुढे. आणि दर्शनी भिंतीच्या त्या तीन मिलिमीटरच्या दरजा? फोटोत तरी बहुतेक ठीक आहेत. त्यांना हात लावू नका, विटा धुवायला वाळूचा फवाराही नको.

फुगवट्याकडे वळते. फ्लेमिश बाँडमधल्या हेडर भिंतीच्या आरपार जाऊन पुढचा आणि मागचा पापुद्रा बांधतात, असं आपण धरतो. प्रत्यक्षात दर्शनी वीट महाग, आणि मागची वीट जाडीला किंचित वेगळी, त्यामुळे थर जुळत नसत. मग गवंडी हेडर मधोमध तोडून अर्ध्या विटा पुढे लावत आणि थर जुळतील तिथेच एखादी आरपार घालत. म्हणजे दिसायला नऊ इंच, पण पुढचे साडेचार इंच जवळपास सुटे. त्यात घराच्या कड्या दर्शनी भिंतीला समांतर असतील तर मजलाही तिला धरून ठेवत नाही. फुगवटा बहुतेक इथूनच येतो.

तो चालू आहे की थांबलाय, हा कळीचा प्रश्न. ओळंबा लावून सेंटिमीटर मोजणं एक, पण मी आधी खोलीच्या आतून बघते. स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली लाकडी पट्टी) आणि जमीन यांच्यात फट पडलीय का, आणि ती फट कुठल्या काळातल्या पट्टीने बुजवलीय? खिडकीच्या बगलेतल्या चिरेच्या कडा कशा आहेत? कडा तीक्ष्ण आणि आतला रंग ताजा असेल तर चीर नवी. कडा बोथट, आत धूळ आणि दोन-तीन रंगांचे थर उतरलेले असतील, तर ती तुमच्या-माझ्या जन्माआधी पडून स्वस्थ बसलीय. तुमच्या पाचव्या फोटोतली चीर दुसऱ्या जातीची वाटते, पण यावर फोटोवरून सही करणार नाही. संरक्षित इमारतींचं काम करणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणा. भिंत जिवंत असेल तर स्टेनलेसच्या पिळाच्या सळया दोन्ही पापुद्र्यांत घालतात आणि कड्यांना पट्ट्यांनी भिंतीशी बांधतात. बाहेरून दरजेतूनच भोकं पाडली तर काम झाल्याचं दिसतही नाही. परवानगी लागते, पण असल्या कामाला सहसा मिळते. 'भिंत उतरवून पुन्हा बांधा' म्हणणाऱ्याचं मात्र दुसऱ्याकडून तपासून घ्या.

इथवरचं थोडक्यात: फुगवट्याला इंजिनिअर, ओलीला नळ-जमीन-गिलावा या क्रमाने उपाय, दरजांना चुना, आणि इंजेक्शन अजिबात नको.

थंडीचं. भरीव विटेच्या भिंतीतून उष्णता किती जाते याचा आकडा ऊर्जा-प्रमाणपत्रांत पूर्वी 2.1 धरत, प्रत्यक्ष मोजल्यावर तो बराच कमी निघू लागला आणि प्रमाणित आकडा 1.7वर आला. तुमच्या प्रमाणपत्रातला धोक्याचा लाल रंग थोडा चिमटीतच घ्या. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त उष्णता घालवते, म्हणून वरची कामं हेच पहिलं इन्सुलेशन. मग माळा, मग जमिनीच्या फटी, खिडक्यांच्या फटी, न वापरातल्या धुराड्यांना हवा थोडी चालू ठेवून आडोसा. आतून भिंतींना फोमचे फॉइलवाले बोर्ड लावू नका. भिंत थंड पडते, खोलीतली वाफ बोर्डामागे जाऊन पाणी होते आणि भिंतीत रुतलेल्या कड्यांची टोकं ते पितात. करायचंच असेल तर लाकडी तंतूंचे बोर्ड किंवा कॉर्कमिश्रित चुना, पातळ, आणि छताच्या नक्षीला धक्का न लावता. नक्षी भिंतीत बुडणार असेल तर त्या खोलीत परवानगी विसरा.

खिडक्या तुमच्या मूळच्या आहेत, हे तुमचं भाग्य. वरच्या झडपेच्या खालच्या कोपऱ्यांना खाली आलेली छोटी शिंगं दिसतात. काचेवरचा कर 1845मध्ये आणि खिडक्यांवरचा 1851मध्ये गेल्यावर मोठी, जड तावदानं आली आणि लाकडी जोड पेलेना, म्हणून ही शिंगं. अशी खिडकी काढून दुहेरी काचेची लावायला ग्रेड टूमध्ये बहुधा नकारच येईल. आतून दुसरी काचेची चौकट बसवा. ती बहुतेक कौन्सिलांना चालते, आणि आवाज तर दुहेरी काचेपेक्षाही चांगला अडवते.

छपराचं एका परिच्छेदात. नोंद वेल्श स्लेट म्हणते, पण मागच्या पाख्यावरच्या फोटोत जाडजूड, खाली मोठ्या आणि वर लहान होत गेलेल्या पाट्या दिसतात. ती स्विदलंड स्लेट असू शकते, इथलीच, चार्नवूडची. तिच्या खाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्या. कोणी 'सगळं उतरवून नवं घालू' म्हणालं तर एकही पाटी आवाराबाहेर जाऊ देऊ नका.

राहिली पाडायची भिंत. हे पूर्णपणे कोणत्या दोन खोल्या आहेत यावर ठरतं. या घरांचा आराखडा मालकाचा आणि नोकरांचा भाग वेगळे ठेवून केलेला असतो: पुढे दिवाणखाना आणि जेवणाची खोली, मागे शेपटीसारखा निघालेला स्वयंपाकघर-मोरीचा भाग. ऑफिसर पुढच्या खोल्यांबद्दल हट्टी असतात आणि मागच्यांबद्दल बरेच मवाळ. तुमचं स्वयंपाकघर मागच्या भागात आहे, पण जेवणाची खोली पुढची, छतावर नक्षी असलेली. त्यामुळे सरळ भिंत पाडायचा अर्ज केला तर अडेल, आणि खरं सांगायचं तर मी ऑफिसर असते तर मीही अडवला असता. त्याऐवजी दोन्ही बाजूंना हात-दीड हात भिंत आणि वर पट्टा ठेवून रुंद दार मागा. दोन्ही खोल्या वेगळ्या कळतात आणि पोळी करता करता मुलांवर लक्षही राहतं. नाहीतर मोरी आणि स्वयंपाकघर एक करा, जागा जवळपास तेवढीच मिळेल. भिंतीवर वरच्या मजल्याचा भार असेल, तेव्हा तुळईचा हिशोब इंजिनिअरकडूनच. यादीतल्या इमारतीच्या संमतीच्या अर्जाला शुल्क नाही आणि निर्णयाची ठरलेली मुदत आठ आठवडे आहे, पण घराचं महत्त्व सांगणारं टिपण आणि नकाशे यांचा खर्च येतो. आणि परवानगी घेऊन केलेल्या बदलांवर पूर्वी व्हॅट माफ असे, तो 1 ऑक्टोबर 2012पासून पूर्ण भरावा लागतो. अंदाजपत्रकात धरा.

करार पक्का होण्याआधी सॉलिसिटरकडून हे मागवा: कौन्सिलकडच्या आजवरच्या सगळ्या संमती आणि नकार, त्यांच्या नकाशांसह. ते नकाशे हातात घेऊन घरातून फिरा. मागच्या बाजूची ती प्लॅस्टिकची खिडकी आणि दिवाणखान्यातून गायब झालेली शेकोटीची चौकट मला खटकतात. त्यांची संमती सापडली नाही तर विक्रेत्याने आता अर्ज करावा, किंवा किंमत उतरवावी. 'विमा काढून देतो' म्हणाले तर लक्षात ठेवा, विमा पैसे देईल, नोटीस थांबवणार नाही. सौदा करताना इंजेक्शनवाल्याचं अंदाजपत्रक टेबलावर ठेवू नका. बाजूच्या भिंतीच्या चुन्याच्या दरजा, बिडाचे नळ आणि इंजिनिअरचा अहवाल, या तिन्हींचे दर चुन्यात काम करणाऱ्या गवंड्याकडून लेखी घ्या आणि तेवढी रक्कम कमी करायला सांगा. नवा सर्व्हे हातात आला की फुगवट्याचं पान इथे टाका, मी बघते.